छटाकभर पिस्तूल

वऱ्हाडात जाऊन आलो म्हटलं की पुण्यातली मंडळी पहिल्यांदा चिखलदऱ्याचं विचारतात. तिथली थंडी, तिथली दरी, तिथले कॉफीचे मळे. मी चिखलदरा पाहिला नाही. अमरावतीत एका गृहस्थांनी त्या दिशेला बोट दाखवलं, तेव्हा मी मान देऊन थोडा वेळ तिकडे तोंड करून उभा राहिलो. धूर दिसला. तो जिनिंगच्या कारखान्याचा होता. मी वऱ्हाडात गेलो होतो ते अंगठ्याहून थोड्या मोठ्या एका लोखंडी तुकड्यासाठी, आणि प्रवास पाच-सहा दिवसांचा झाला तरी त्या तुकड्यापलीकडे फारसं काही माझ्या नजरेला पडलं नाही.

एका सरदारांच्या शिलेखान्यावर, म्हणजे शस्त्रांच्या कोठीवर, मी एकोणीस वर्षं काम केलं. सरदारसाहेबांना जुन्या लष्करी पिस्तुलांचा नाद. बहुतेक ठासणीची, केप, म्हणजे स्फोटक टोपी, लावून उडवायची, घोडेस्वारांच्या खोगिराला लटकत असत तसली. ही पिस्तुलं हातानं बनवलेली. एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशीच्या दोन पिस्तुलांचे स्क्रूसुद्धा एकमेकांना बसत नाहीत. म्हणून कारागीर प्रत्येक भागावर आतल्या बाजूनं एकच नंबर ठोकत: नळीखाली, चापाच्या कड्यावर, कमानीवर आणि घोड्यावर. घोडा म्हणजे चाप ओढला की केपवर जाऊन आपटणारा वाकडा तुकडा. नंबर जुळला, कानशीचे घाव जुळले, मधल्या चौकोनी भोकाची झीज जुळली, की तो भाग मूळचा. नाहीतर मागाहून कोणीतरी बसवलेला. हे ओळखणं, एवढीच विद्या मला येते. बाकी कशात कोणी माझा सल्ला घेत नाही, घरातसुद्धा.

आमचं एकशे सतरा नंबरचं पिस्तूल एलिचपूरच्या छावणीतल्या घोडेस्वारांच्या रिसाल्याचं. त्याचे सगळे भाग मूळचे होते, घोडा तेवढा नव्हता. तीन वर्षांपूर्वी मी एका व्यापाऱ्याकडून घोडा मिळवला, बसवला आणि नोंदवहीत सहीनिशी ‘मूळचा’ असं लिहून टाकलं. गेल्या दिवाळीत एक निवृत्त गोरा कर्नल पाहुणा आला. त्यानं घोडा काढून उलटा केला, पाहिला, सरदारसाहेबांच्या कानाशी काही बोलला आणि दोघेही हसले. कर्नल विलायतेला जायला निघून गेल्यावर सरदारसाहेबांचं हसू राहिलं नाही. दत्तजयंतीपर्यंत खरा घोडा आणा, नाहीतर शिलेखाना भाच्याकडे देतो, असं त्यांनी मला शांतपणे सांगितलं. भाचा नुकताच फोटो काढायला शिकून आला होता आणि शस्त्रांच्या शेजारी उभं राहून दिसायचा छान.

एलिचपूर वऱ्हाडातलं, म्हणून वऱ्हाडात जेवढे नातेवाईक होते तेवढ्यांना मी घोड्याचं चित्र काढून पत्रं टाकली. एकानं उत्तरादाखल दाराची कडी पाठवली. एका आतेबहिणीनं शिवणयंत्राचा कसलासा भाग पाठवला आणि उपयोग नसल्यास परत धाडावा असं लिहिलं. अमरावतीचा माझा मावसभाऊ दिगंबर वकिली करतो, त्यामुळे त्याचं पत्र मुद्द्याचं होतं. ‘तुझा घोडा इथे फुलांच्या बाजारात आहे. नंबर मी स्वतः पाहिला, एकशे सतरा. माळीण त्यानं शेवंती तोलते. ये.’

अमरावती

मी उतरलो तो कापसाच्या मोसमात. रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग, झाडांना कापूस, तारांना कापूस, आणि दिगंबरच्या अंगणातल्या तुळशीलाही कापूस लागलेला. पहिल्या अर्ध्या तासात माझी काळी टोपी पिकली.

पुण्यात पाहुणा आला की त्याला चहा विचारतात. इथे विचारत नाहीत, पाट मांडतात. वहिनींनी ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. ठेच्याला मी चटणी समजून पुणेरी घास घेतला. नंतर बराच वेळ दिगंबर बोलत होता आणि मी नुसती मान हलवत होतो. तो घोड्याविषयी काही महत्त्वाचं सांगत होता असं मला दुसऱ्या दिवशी कळलं. वहिनी मात्र काळजीनं म्हणाल्या, “भावजी, अजून घ्या ना. तुमच्याकरता कमी तिखट केला.”

सकाळी आम्ही फुलांच्या बाजारात गेलो. गिरजाबाई पन्नाशीची, सडसडीत, कपाळाला ठळक कुंकू. पुढ्यात शेवंतीचे ढीग, झेंडू, थोडी अबोली. शेजारच्या दोन्ही बायकांकडे सरकारी छापाची लोखंडी मापं होती आणि गिऱ्हाईक जेमतेम होतं. गिरजाबाईच्या पुढे रांग होती. तिच्या तराजूच्या डाव्या पारड्यात, शेवंतीच्या समोर, माझा घोडा बसला होता.

मी हात पुढे केला. तिनं तो उचलला, पण माझ्या हातात दिला नाही. रिकाम्या परडीत ठेवून परडी पुढे सरकवली.

“माप हातात देत नसते,” ती म्हणाली. “हातात देल्लं तं बरकत जाते.”

दिगंबरनं माझी ओळख करून दिली. पुण्याहून खास या तुकड्यासाठी आलेला माणूस म्हटल्यावर रांगेतल्या बायका माझ्याकडे दयेनं पाहू लागल्या. मी भिंग काढून बसलो. आत नंबर होता, एकशे सतरा, इंग्रजी आकड्यात. चौकोनी भोक होतं. हा आपल्याकडे आला कसा, असं मी तिला विचारलं.

“माह्या सासऱ्यानं आनला. एलिचपूरच्या छावनीतून घोड्याईची लीद आनत जाय ते, बगीच्याच्या खतासाठी. एक दिवस खत पसरून राहिले होते, त्यात हे सापडलं. धुतलं, तोललं, तं छटाकाच्या वर दोन गुंजा भरलं. म्हने, हेच ठेवू. गिऱ्हाइकाले दोन गुंजा जास्त गेल्या तं आपलं काय जाते? तवापासून सगये म्हनतात, घोड्याचं माप.”

सरदारसाहेबांच्या पत्रव्यवहारात या घोड्याचं वर्णन ‘रिसाल्याचे बहुमोल अवशिष्ट’ असं आहे. ते लिदीत सापडलं ही माहिती मी टिपून घेतली नाही.

मग तिनं दुसरी बातमी सांगितली. तिचा दीर वेगळा होऊन अकोल्याला गेला, तेव्हा घोड्याचं माप आपल्यालाही हवं असं त्याचं म्हणणं पडलं. गिऱ्हाईक मापाला ओळखत होतं, माणसाला नव्हे. भांडण नको म्हणून सासऱ्यांनी अकोल्याच्या जिनिंगमधल्या मिस्तरीकडून हुबेहूब दुसरा घोडा करून घेतला. दोन्ही भावांनी एकेक उचलला. दीर आता नाही, अकोल्यात देराणी, म्हणजे धाकटी जाऊ, दुकान चालवते.

“आता कोनाकडे कोनता, ते कोनी इचारलं नाई,” गिरजाबाई म्हणाली. “दोघीबी म्हनतो, आपलाच खरा.”

“नंबर कोणावर आहे?”

“दोनीवर.”

मिस्तरीनं नंबरसुद्धा ठोकला होता. मी पुन्हा भिंग लावलं. पण एकच वस्तू समोर असली की ती नेहमी खरीच वाटते, हे तीन वर्षांपूर्वीच्या घोड्यानं मला शिकवलं होतं. दोन्ही घोडे शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय बोलणार नाही, असं मी सांगितलं.

गिरजाबाईच्या मळ्यातल्या विहिरीवरून एकदा खटला झाला होता आणि दिगंबरनं तो तिच्या बाजूनं लढवला होता. त्यामुळे त्याचा शब्द ती मोडणार नव्हती. “खरा माह्याजवयचा निघाला तं न्या,” ती म्हणाली. “वकीलसाहेबाचा शब्द आहे.”

“मग तुम्ही काय कराल?” मी विचारलं.

“सरकारी लोखंड ठेवीन. दुसऱ्या बायाईसारखं.” असं म्हणून तिनं शेजारणींकडे पाहिलं. त्या दोघी माश्या हाकलत होत्या.

माप माझ्या हाती अकोल्याला पाठवायला मात्र ती तयार होईना. शेवटी ती स्वतःच निघाली. घोडा पदराच्या गाठीत, हातात तराजू आणि डोक्यावर शेवंतीची टोपली. अकोल्याला जातेच आहे तर रिकामी कशाला जाऊ, असं तिचं म्हणणं. दिगंबरचं कोर्ट होतं, म्हणून आम्ही दोघंच.

बडनेरा

अमरावतीची गाडी बडनेऱ्यापर्यंतच जाते आणि पुढची गाडी येईपर्यंत तिथे थांबावं लागतं. वेळ जावा म्हणून मी बाकावर बसून पिस्तुलाची चित्रं आणि कोळशानं घेतलेले भागांचे छाप पसरले. क्रांतिकारकांच्या त्या काळात पिस्तूल या विषयावर स्टेशनात कागद पसरणं शहाणपणाचं नव्हतं, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. एक हवालदार मागे येऊन उभा राहिला होता.

“हे काय काढून राहिले?”

मी खरं ते सांगितलं. मी पिस्तुलाचा एक भाग शोधतो आहे, पिस्तूल पुण्यात आहे, ते चालत नाही, त्याचा घोडा सापडला की बसवणार आहोत. सांगता सांगता मला कळत होतं की प्रत्येक वाक्यानं माझी परिस्थिती वाईट होते आहे.

“आन् तो घोडा कुठी आहे?”

मी गिरजाबाईकडे पाहिलं. ती शांतपणे फलाटावर बसली, पदराची गाठ सोडली, तराजू उभा केला, एका पारड्यात घोडा टाकला आणि दुसऱ्यात शेवंती.

“काहून जी हवालदार, घरी फुलं नेता का? छटाकभर देऊ?”

हवालदारानं घोड्याकडे पाहिलं. चित्राकडे पाहिलं. मग पुन्हा घोड्याकडे पाहून त्याचा चेहरा उजळला. “अमरावतीची घोडेवाली का तू? माही बायको तुह्याचकडून फुलं नेत जाय.” त्यानं छटाकभर शेवंती रुमालात बांधून घेतली आणि जाताना मला सांगितलं की असली चित्रं काढत बसू नका, वय झालं तुमचं. एलिचपूरच्या रिसाल्याच्या पिस्तुलाचा महत्त्वाचा भाग त्याच्या नाकासमोर होता आणि तो मला समज देऊन गेला. मी कागद गुंडाळले आणि अकोल्यापर्यंत बाहेर काढले नाहीत.

गाडीत तिनं फडक्यातली भाकर सोडली. मी ब्राह्मण, ती माळीण, म्हणून तिनं आधी विचारलं, “चालते का तुमाले?” मी म्हटलं, प्रवासात चालतं. ती म्हणाली, “मंग प्रवास बरा आहे.” ठेचा होताच. या खेपेला मी टोकाला लावून घेतला आणि बोलताही आलं. आमच्याकडे अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत पगार आणि मुलाबाळांबद्दल विचारत नाहीत, दुसऱ्या भेटीत दुसऱ्यांकडून काढून घेतात. गिरजाबाईनं मूर्तिजापूर यायच्या आत मला सगळं सरळ विचारून घेतलं. शेवटी म्हणाली, “म्हनजे घोडा नाई नेला, तं तुमची नौकरी जाते?”

“नोकरी नाही. शिलेखाना जातो. मग मला दप्तरात बसवतील.”

“एकच झालं,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तुरीची शेतं पिवळी झाली होती.

अकोला

मोर्णा नदीच्या पलीकडे जुनं शहर. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कापसाची गाडी आली तर माणसानं कोणाच्या तरी ओट्यावर चढावं, आणि ओट्यावरच्यानं ‘या, बसा’ म्हणावं. अशा तीन ओट्यांवर बसून आम्ही गिरजाबाईच्या देराणीच्या, सुभद्राच्या दुकानाशी पोचलो. दोघी जावा भेटल्या, थोडं रडल्या, थोडं ओरडल्या, आणि मग सुभद्रानं माझ्याकडे बोट करून विचारलं, “हे कोन?”

“आपला घोडा पाह्याले आले. खरा असन तो घेऊन जातीन.”

नवरा गेल्यावर सुभद्रानं दुकान एकटीनं चालवलं होतं आणि तिच्याही पुढे गिऱ्हाईक याच मापामुळे येत होतं. तरी तिनं घोडा काढून परडीत ठेवला. मी दोन्ही घोडे फडक्यावर शेजारी मांडले.

मला त्या वेळी जे वाटलं ते अगदी सांगण्यासारखं आहे असं नाही. दोन्हींवर एकशे सतरा. दोन्हींची झीज सारखी, कारण दोन्हींनी आयुष्यभर फुलंच तोलली होती. पण गिरजाबाईच्या घोड्याची मागची एक कड ओबडधोबड होती, कानस अर्ध्यात सोडून दिल्यासारखी. सुभद्राचा घोडा मात्र काय वर्णावा! सगळ्या कडा सारख्या, वळण एका ओघात, घाव केसासारखे बारीक. विलायती हात लगेच ओळखू येत होता. दुसरा बिचारा जिनिंगच्या मिस्तरीचा. मी भिंग खाली ठेवलं आणि एकोणीस वर्षांच्या अनुभवानं निर्णय दिला.

“हा मूळचा,” मी सुभद्राच्या घोड्यावर बोट ठेवलं. “ती नक्कल.”

सुभद्रा ढिगातली फुलं एकेक करून टोपलीत परत टाकू लागली, जणू दुकानच बंद करायचं होतं.

गिरजाबाईचं माप वाचलं होतं. तिनं गप्प राहायचं होतं, बस्स. उठून टोपली डोक्यावर घेतली असती तरी कोणी काही म्हटलं नसतं, आणि मी तर आनंदानं पुण्याला निघालोच असतो. पण तिनं तराजू ओढला आणि एका पारड्यात एक, दुसऱ्यात दुसरा घोडा टाकला. तिच्या घोड्याचं पारडं हळूच खाली गेलं.

“साहेब, तुमी चुकून राहिले,” ती म्हणाली. “खरा माह्यावाला आहे. दोन गुंजा जास्त, सासऱ्यानं सांगतल्यावानी. इचावाला बरोबर छटाक आहे. मले हातात घेतल्याबरोबर समजलं.”

“तोलून मूळचा ठरत नाही,” मी म्हटलं. माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या ओट्यावरचे दोघंजण खाली उतरले. “काम पाहा. हे काम इथलं असूच शकत नाही.”

“मिस्तरी जित्ता आहे ना,” सुभद्रा मान वर करून म्हणाली. “त्याले इचारा.”

इस्माईल मिस्तरी आम्हां तिघांना जिनिंगच्या मागच्या शेडमध्ये सापडले. पांढरी दाढी, दाढीत कापूस, दोन्हींतला फरक शेजारून सांगता येत नव्हता. त्यांनी दोन्ही घोडे तळहातावर घेतले, भिंग नाही की काही नाही, आणि सुभद्राचा उचलून माझ्यापुढे धरला.

“हा माहा.”

“कशावरून?”

“साहेब, त्याची ही किनार पाहा.” त्यांनी गिरजाबाईच्या घोड्याची ओबडधोबड कड दाखवली. “इलायती कारागीर असन, पन इथं त्यानं काम सोडून देल्लं. घरी जायची घाई असन. मी हुबेहूब कराले बसलो. आकडा दिसला, आकडा केला. भोक दिसलं, भोक केलं. पन ही किनार आली आन् माह्या हातून झालंच नाई. खराब काम जानूनबुजून कसं करावं? शरम वाटली. म्हनून बरोबर घासली. घासली तं वजन कमी झालं, छटाकाले येऊन थांबलं. मले वाटलं, बाईचा सासरा खुश होईन.”

मी गुंडाळलेले कागद सोडले. पुण्याच्या पिस्तुलाच्या पट्टीचा, म्हणजे ज्यावर घोडा बसतो तिचा, कोळशाचा छाप त्यात होता. पट्टीचा एक कोपरा खडबडीत होता आणि तो पडून दुखावला असं मी नोंदवहीत लिहिलं होतं. गिरजाबाईचा घोडा त्या छापावर ठेवला. अर्ध्यात सोडलेली कानस पट्टीच्या कोपऱ्यावरून थेट घोड्याच्या कडेवर चालत गेली. दुखावलं काही नव्हतं. त्या दिवशी कारागिराला खरोखरच घरी जायचं होतं. आणि मी, चांगलं काम आहे म्हणजे विलायती असणार, एवढ्या एका समजुतीवर दुसऱ्यांदा चुकलो होतो. मला स्वतःची लाज वाटली. मिस्तरींना वाईट काम करायची वाटली तितकी वाटली की नाही, सांगता येत नाही.

गिरजाबाईनं आपला घोडा उचलला, पदरानं पुसला आणि माझ्यापुढे फडक्यावर ठेवला.

“न्या.”

मला तो हवा होता. मी फडक्याचं एक टोक दुमडलं.

“तिकडं काय कराल याचं?” तिनं सहज विचारलं.

“पिस्तुलाला बसवू.”

“पिस्तूल उडवता का?”

“नाही. कपाटात असतं. काचेच्या.”

“कुलूप लावून?”

“हो.”

वाद घालायचा तिचा काही विचार दिसला नाही.

“बरं,” ती म्हणाली.

मी फडक्याचं टोक उलगडलं. त्यानंतर काही क्षण मी त्या घोड्याकडे पाहत बसलो आणि तो उचलायचा असं दोनदा ठरवलं. मग त्याला हात न लावता फडकं तिच्याकडे सरकवलं. ती म्हणाली, “वकीलसाहेबाले काय सांगू?” मी म्हटलं, “सांगा, खरा निघाला आणि त्यानं नेला नाही.” तिला हे पटलेलं दिसलं नाही. पुण्याच्या लोकांचं काही खरं नाही असं काहीतरी ती सुभद्राला म्हणाली, पण माप मात्र लगेच पदरात बांधलं.

मी रिकाम्या हातानं जातो आहे याचं सगळ्यांत जास्त दुःख इस्माईल मिस्तरींना झालं. दोन दिवस थांबा, तिसरा करून देतो, म्हणाले. मी म्हटलं, करा, पण नंबर टाकू नका.

ते दोन दिवस सुभद्राच्या अंगणात गेले. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, तुरीचं वरण, वांग्याची भाजी. रोडगा फोडून त्यात मावेल तेवढं तूप ओततात आणि मग मावत नाही तेवढं ओततात. चार रोडग्यांनंतर मी नको म्हटलं, तर सुभद्रा म्हणाली, “काहून, आवडले नाई का?” पाच खाल्ले. निघताना गिरजाबाईनं ओंजळभर शेवंती दिली. तोलून दिली, छटाक आणि दोन गुंजा.

मिस्तरींनी तिसरा घोडा स्टेशनवर आणून दिला. आधीच्याहून सुंदर. उलटा केला तर आत एकशे सतरा.

“नंबर नको म्हटलं होतं, मिस्तरी.”

“बिनआकड्याचा अधुरा दिसत होता, साहेब.”

परत

परतीच्या गाडीत मी तो घोडा खिशातून किती वेळा काढला ते मोजलं नाही. कर्नल विलायतेला गेला होता. पुण्यात हा घोडा उलटा करून काही सांगू शकेल असा एकच माणूस होता आणि तो मी होतो. सरदारसाहेबांना सुबक काम आवडे. माझी एक ओळ, एक सही, आणि शिलेखाना माझ्याकडेच राहिला असता.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सरदारसाहेबांनी स्वतः तो घोडा पिस्तुलाला बसवला. जरा कानस लावावी लागली, मग असा बसला की त्यांनी समाधानानं चाप ओढून पाहिला. भाचा फोटो काढायला तयारच होता. नोंदवही माझ्यापुढे आली. मी लिहिलं: ‘घोडा, नक्कल. काम अकोल्याचे, उत्तम.’ खाली सही केली.

सरदारसाहेबांनी वाचलं. “नक्कल? मग मूळचा कुठे आहे?”

“अमरावतीला, सरकार. फुलांच्या बाजारात.”

“मग आणला का नाहीत?”

“तो वापरात आहे.”

त्यांनी घोडा पुन्हा वर-खाली केला. मला वाटतं त्यांना राग यायचा होता, पण तो त्या वेळी आला नाही. “निदान या खेपेला तुम्ही ओळखलात तरी,” ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका मऊपणा होता की नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तर कदाचित सगळं निभावलं असतं.

“नाही सरकार,” मी म्हटलं. “मी नकलेलाच मूळचा म्हणालो होतो. माळणीनं ओळखला.”

सोमवारपासून शिलेखाना भाच्याकडे गेला आणि मी दप्तरात बसू लागलो. लोक विचारतात, वाईट वाटतं का? वाटतं. सोमवारी आणि गुरुवारी जास्त वाटतं, कारण त्या दिवशी मी पिस्तुलांना तेल देत असे. बाकीचे दिवस बरे जातात.